रेड वाईन ‘चालते’ का?

‘डॉक्टर, दारू सोडली. आता फक्त रेड वाईन घेतो. ती हार्टला चांगली असते ना?’ फॅटी लिव्हरचा सोनोग्राफी रिपोर्ट हातात धरून हा प्रश्न विचारणारे पेशंट अलीकडे बरेच भेटतात. त्यात डायबेटिसची गोळी चालू असणारेही असतात. कोणीतरी व्हॉट्सॲपवर वाचलेलं असतं, कोणाला पुण्याच्या जावयाने बाटली भेट दिलेली असते. दारू सोडल्याचं समाधान मात्र सगळ्यांच्या चेहऱ्यावर असतं.

आपल्याकडे या शब्दाची गंमतच आहे. सोलापुरात ‘वाईन शॉप’ असा बोर्ड असलेल्या दुकानात व्हिस्की, रम, बिअर सगळं मिळतं. पण ‘वाईन घेतो’ म्हटलं की ते सभ्य वाटतं. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा ‘वाईन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य टीव्हीवर आपण सगळ्यांनी ऐकलं. विरोध झाला, तो निर्णय बारगळला, वाक्य मात्र लोकांच्या मनात राहिलं. माझा आक्षेप आहे तो या वाक्याला. दुकान कुठे असावं हा सरकारचा विषय.

वाईन कशी बनते ते पाहू. द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खातं आणि त्यातून अल्कोहोल तयार होतं. काळी द्राक्षं सालीसकट आंबवली की रेड वाईन, फक्त रस आंबवला की व्हाईट, साली थोडाच वेळ ठेवल्या की गुलाबी रोझे. सगळी साखर संपली तर ती ‘ड्राय’, उरली तर गोड. पोर्टसारख्या प्रकारात वरून स्पिरिट घालतात, म्हणून ती गोडही आणि कडकही. व्हिस्कीत आंबवल्यानंतर ऊर्ध्वपातन होतं, साध्या वाईनमध्ये होत नाही, एवढाच फरक. तयार होणारं इथेनॉल तेच. (द्राक्षासवही आंबवलेलंच असतं, पण ते मापाने, पाणी घालून घेतात. ग्लास भरून कोणी पीत नाही.)

आता हिशोब. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल असतं. १३ टक्क्यांच्या वाईनच्या ७५० मिलीच्या बाटलीत ७५ ग्रॅमच्या वर. दोन मित्रांनी एक बाटली संपवली तर प्रत्येकी अर्ध्या क्वार्टरपेक्षा जास्तच झालं. लिव्हर ग्रॅम मोजतं, लेबल वाचत नाही.

मग हार्टचं काय? १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एका टीव्ही कार्यक्रमात ‘फ्रेंच पॅराडॉक्स’ गाजला. फ्रेंच लोक लोणी-चीज खातात तरी त्यांना हृदयविकार कमी, कारण रेड वाईन, असा तो युक्तिवाद. पुढे लक्षात आलं की थोडी वाईन पिणारे बहुतेक सुखवस्तू, फिरायला जाणारे, भाज्या-फळं खाणारे असतात आणि ‘न पिणाऱ्यां’च्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेलेही मोजले गेले होते. ज्या रेस्व्हेराट्रॉलचं कौतुक होतं, ते लिटरभर रेड वाईनमध्ये जेमतेम काही मिलिग्रॅम असतं. प्रयोगांत शेकडो मिलिग्रॅम वापरलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच अल्कोहोलयुक्त पेयांना कर्करोगकारक ठरवलं आहे. त्यात वाईनला सूट नाही.

खुद्द फ्रान्सची गोष्ट आपल्याला कोणी सांगत नाही. तिथे १९५६ पर्यंत शाळेत १४ वर्षांखालच्या मुलांनाही जेवणासोबत वाईन मिळत असे. ती बंद करावी लागली. तो कार्यक्रम गाजला त्याच १९९१ साली फ्रान्सने दारूच्या जाहिरातींवर कडक बंधनं घातली, वाईनसकट. १९६० च्या दशकापासून तिथलं वाईन पिण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं आणि सिरॉसिसचे मृत्यूही घटले.

त्यांच्याकडे एक गोष्ट खरोखर बरी आहे. वाईन जेवणासोबत, हळूहळू घेतात. पोटात अन्न असलं की अल्कोहोल रक्तात सावकाश उतरतं. आपल्याकडे आधी बैठक, खारे शेंगदाणे, आणि रात्री अकराला जेवण. बाटली आयात होते, ही सवय होत नाही.

‘पण आपल्या द्राक्ष बागायतदारांचा फायदा?’ असंही विचारतात. अकलूजजवळ फ्रातेल्लीची वाईन बनते. अकलूजचे, दिल्लीचे आणि इटलीचे भाऊ एकत्र आले म्हणून ते नाव. इटालियनमध्ये फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. आपल्या जिल्ह्यातला हा उद्योग आहे, त्याचं कौतुक जरूर करावं. पण त्यांच्या सांजोव्हेजे, शेनां ब्लांसारख्या जाती वेगळ्या. नान्नज-पंढरपूरकडची थॉम्सन, सोनाका ही द्राक्षं प्रामुख्याने खायला आणि बेदाण्याला जातात. तेव्हा तुम्ही घेतलेल्या ग्लासाने शेजारच्या बागायतदाराचं कर्ज फिटेल असं समजू नका. त्याचे बेदाणे घ्या. डायबेटिस असेल तर तेही मोजून.

माझं मत विचाराल तर, जे पीत नाहीत त्यांनी ‘औषध’ म्हणून सुरू करू नये. फॅटी लिव्हर, वाढलेले ट्रायग्लिसराइड्स, टीबीची औषधं, गरोदरपण असेल तर एक ग्लासही नको. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर वाईननंतर रात्री साखर अचानक खाली जाऊ शकते. घरच्यांना वाटतं, ‘चढली आहे’, आणि तो माणूस हायपोमध्ये असतो. अशा वेळी ग्लुकोमीटर लावून बघा. तो नसेल आणि माणूस शुद्धीत, गिळू शकत असेल तर साखरपाणी द्या. शुद्ध हरपत असेल तर तोंडातून काही न देता लगेच दवाखाना गाठा.

आणखी एक. ऑपरेशनआधी आम्ही विचारतो, ‘दारू घेता का?’ रोज अर्धी बाटली वाईन घेणारा निःशंकपणे ‘नाही’ म्हणतो. ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, तो बडबडू लागतो, सलाईन उपसतो, आणि नातेवाइकांना भुलीचा दोष वाटतो. अनेकदा ते अल्कोहोल अचानक बंद झाल्याचं लक्षण असतं. आधी माहीत असेल तर त्याची तयारी करता येते. म्हणून त्या फॉर्मवर वाईनही लिहा. किती मिली आणि आठवड्यातून किती वेळा, तेही.