कोड वाचला जात नाही? आधी कारण शोधा

बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवर छापलेला काळा-पांढरा क्यू.आर. कोड आता सर्वांच्या परिचयाचा आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना अशा कोडची जोड दिली. त्यांना २०२० चा 'ग्लोबल टीचर प्राइज' हा पुरस्कार मिळाला. पण वर्गात कोड वाचला गेला नाही, की आपण 'नेट नाही' असे म्हणून पान उलटतो. घरी फोन नसलेल्या मुलाचा तो पाठ मात्र कायमचा बुडतो.

विद्यार्थी मित्रांनो, कोड वाचण्याच्या कामाला मुळात नेट लागतच नाही! ते काम प्रकाशाचे आणि भिंगाचे आहे. १९९४ साली जपानमध्ये मासाहिरो हारा यांनी हा कोड तयार केला. त्याच्या तीन कोपऱ्यांत मोठे चौकोन असतात. त्यांच्या मध्यातून कोणतीही रेषा काढा, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे प्रमाण १:१:३:१:१ असेच येते. त्यावरून कोड कोठे आहे व कसा फिरला आहे, हे फोन ओळखतो. कोडभोवतीची कोरी पांढरी कडाही आवश्यक असते. ती आतील चार बारीक घरांइतकी रुंद हवी.

आता अडते कोठे ते पाहू. पुस्तकाच्या प्लास्टिक कव्हरवरून दिव्याचे परावर्तन होऊन कोडवर चकाकी येते. शिवणीजवळ पान वाकते. फोन फार जवळ धरला तर प्रतिमा पुसट पडते. भिंगावरचा बोटाचा तेलकट डाग प्रकाश विखुरतो. कोडवर थोडी शाई सांडली तर मात्र बहुधा बिघडत नाही, कारण कोडमध्ये जादा माहिती भरलेली असते. तिच्या प्रमाणानुसार सुमारे ७ ते ३० टक्के नुकसान भरून निघते. पण डाग कोपऱ्यातील चौकोनावर पडला, तर या सोयीचा उपयोग होत नाही.

फोन कसाही हलवून कधी कधी काम भागते, पण त्यातून कारण कळत नाही. म्हणून एका वेळी एकच बदल करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. फोनवर पत्ता उमटला पण पान उघडले नाही, तर दोष नेटचा किंवा पत्त्याचा. पत्ताच उमटला नाही, तर दोष छपाई, उजेड किंवा भिंगाचा. तोच कोड दुसऱ्या फोनने वाचा, मग त्याच फोनने दुसरा कोड वाचा. दोष फोनचा की कोडचा, हे दोन मिनिटांत ठरेल.

शिक्षकांनी 'प्रकाश' हा पाठ शिकवताना हा प्रयोग वर्गात जरूर करून घ्यावा. दोष छपाईचा किंवा पत्त्याचा निघाला, तर पुस्तकाचे नाव व पृष्ठ क्रमांक देऊन प्रकाशकांना पत्र लिहावे. मुलांनी केलेली ती नोंद पुढच्या आवृत्तीत हजारो मुलांच्या उपयोगी पडेल.