दरमहा कटणारे अनोळखी पैसे

कार्डावरून दर महिन्याला पैसे कटत राहायला एकदा दिलेली परवानगी पुरते. सिनेमे-मालिका दाखवणारे अ‍ॅप, गाण्यांचे अ‍ॅप, फोनमधल्या फोटोंसाठी घेतलेली जास्तीची जागा, मुलांच्या अभ्यासाचे किंवा खेळाचे अ‍ॅप, यांतले काहीही 'पहिला महिना फुकट' म्हणून सुरू होते. सुरू करताना कार्डाचा नंबर मागितला जातो, एक-दोन रुपये कटतात, कधी कटून परतही येतात, आणि ओटीपी टाकला जातो. तो ओटीपी त्या एक-दोन रुपयांपुरता नसतो. पुढच्या सगळ्या हप्त्यांना त्याने होकार दिलेला असतो. फुकटचा महिना संपला की कंपनीची मागणी थेट बँकेकडे जाते, आणि या वेळी कोणी ओटीपी विचारत नाही.

तेलंगणातल्या बोथ आणि आसपासच्या गावांत या एका व्यवहारात घरातली दोन-तीन माणसे गुंतलेली असतात, आणि कोणाकडेच पूर्ण माहिती नसते. खाते वडिलांच्या नावाचे, एटीएम कार्ड कपाटात, फोन शिकणाऱ्या मुलाच्या हातात. खाते उघडताना दिलेला मोबाइल नंबर कधी भावाचा, कधी केव्हाच बंद पडलेल्या सिमचा. शेतकऱ्याच्या खात्यात मोठी रक्कम येते तीही वर्षातून मोजक्या वेळा: कापूस किंवा सोयाबीन विकल्यावर, आणि रयतू भरोसा योजनेचे हंगामाला एकरी ६००० रुपये जमा झाल्यावर. खाते रिकामे असताना मागणी आली तर ती परत जाते आणि कोणाला पत्ता लागत नाही. पैसे जमा झाल्यावर तीच मागणी पुन्हा आली की रक्कम कटते. तोवर ते अ‍ॅप कोणी, कशासाठी घेतले होते हे घरात कोणालाच आठवत नाही.

कार्डावरच्या या परवानगीला ई-मँडेट म्हणतात. तिचे नियम रिझर्व्ह बँकेने २१ ऑगस्ट २०१९ च्या परिपत्रकाने घालून दिले. ओटीपीशिवाय कटू शकणाऱ्या हप्त्याची मर्यादा सुरुवातीला २००० रुपये होती. १ जानेवारी २०२१ पासून ती ५००० झाली आणि जून २०२२ मध्ये १५,००० वर गेली. विम्याचे हप्ते, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाची बिले यांच्यासाठी डिसेंबर २०२३ मध्ये ती एक लाख करण्यात आली. मर्यादेपेक्षा मोठी रक्कम असेल तर दर वेळी ओटीपी लागतो. बँका आणि कंपन्या वेळेत तयार झाल्या नाहीत, म्हणून ३१ मार्च २०२१ ची मुदत सहा महिन्यांनी वाढवावी लागली, आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून जुन्या पद्धतीच्या परवानग्या चालेनाशा झाल्या. बिले अडकली म्हणून तेव्हा शहरांतून बरीच ओरड झाली. पण वर्षानुवर्षे विसरून गेलेल्या कित्येक वर्गण्या त्याच झटक्यात बंद पडल्या, हेही खरे.

या नियमाचा जीव एका संदेशात आहे. पैसे कटण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने खातेदाराला कळवले पाहिजे, आणि त्यात कंपनीचे नाव, रक्कम, कटण्याची तारीख-वेळ, संदर्भ क्रमांक आणि कारण असले पाहिजे. त्याच संदेशावरून तेवढा एक हप्ता किंवा सगळी परवानगीच रद्द करण्याची सोय बँकेने द्यायची आहे. पैसे कटल्यावर दुसरा संदेश यायला हवा. या सोयीसाठी खातेदाराकडून शुल्क घेता येत नाही. फास्टॅग आणि मेट्रो-बसच्या प्रवास कार्डाचे आपोआप होणारे रिचार्ज तेवढे ऑगस्ट २०२४ मध्ये या आगाऊ सूचनेतून वगळले गेले.

कागदावर हा नियम चांगल्यापैकी कडक आहे. अमेरिकेत वर्गणी घेणे जितके सोपे तितकेच ती सोडणेही सोपे असावे, असा नियम तिथल्या व्यापार आयोगाने ऑक्टोबर २०२४ मध्ये केला आणि जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने तो रद्द केला. त्याच वर्षी सप्टेंबरात अ‍ॅमेझॉनने प्राइम वर्गणीच्या खटल्यात २५० कोटी डॉलरची तडजोड केली. आरोप हाच होता, की ग्राहकांना नकळत वर्गणीत ओढले आणि बाहेर पडण्याची वाट मुद्दाम लांबवली.

आपल्याकडचा नियम अडतो तो त्या संदेशापाशीच. संदेश बहुधा इंग्रजीत येतो, बँकेच्या काउंटरवर बोलणे तेलुगूत होते आणि घरात मराठी बोलली जाते. सूचना एसएमएसने हवी की ईमेलने, हे निवडण्याचा हक्क खातेदाराला आहे. पण फोन सुरू करताना दुकानदाराने काढून दिलेला ईमेल पुढे कोण उघडतो? म्हणून न ओळखू येणारा हप्ता बहुतेक वेळा फसवणुकीचा नसतो, न वाचलेल्या संदेशाचा असतो. आणि 'आम्ही कळवले होते' एवढे म्हणून त्याचा दोष खातेदारावर ढकलणे ही बँकांनी स्वतःची करून घेतलेली सोय आहे. खातेदाराला न कळणाऱ्या भाषेत, न पोहोचणाऱ्या नंबरावर पाठवलेल्या सूचनेला सूचना म्हणणे कठीण आहे.

नाव न ओळखण्याची आणखीही कारणे असतात. अ‍ॅपचे नाव एक आणि ते चालवणाऱ्या कंपनीचे कागदोपत्री नाव दुसरेच असते. मधे पैसे गोळा करणारी संस्था असली, रेझरपे किंवा बिलडेस्कसारखी, तर पासबुकात तिचेच नाव उमटते. प्ले स्टोअरवरून घेतलेल्या कुठल्याही अ‍ॅपचा हप्ता गूगलच्या नावाने दिसू शकतो. जाहिरातीतल्या किमतीवर १८ टक्के जीएसटी चढलेला असू शकतो, आणि वर्गणी डॉलरमध्ये असेल तर दर महिन्याला रक्कम थोडी थोडी बदलते. पासबुकाच्या ओळीत जागा अपुरी, त्यामुळे नावही अर्धेच छापले जाते.

शोध सुरू करण्याआधी एक गोष्ट पाहावी: हे पैसे कार्डावरून कटले आहेत का? ग्रामीण खात्यातल्या अनोळखी कपातींचा मोठा भाग कार्डाच्या वर्गणीचा नसतोच. मे महिन्याच्या अखेरीस कटलेले ४३६ रुपये हा प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता असतो आणि २० रुपये सुरक्षा विम्याचे. १ जून २०२२ च्या आधी हेच आकडे ३३० आणि १२ होते. हा हप्ता दर वर्षी आपोआप कटतो. खाते उघडताना पुढे केलेल्या कागदांवर सही किंवा अंगठा दिला तेव्हा यालाही संमती दिली होती, हे बऱ्याच जणांना पैसे कटल्यावर कळते. विमा वाईट नाही. दोन लाखांचे संरक्षण या पैशांत दुसरीकडे मिळत नाही. पण नको असेल तर मे महिन्याच्या आधी शाखेत लेखी अर्ज द्यावा लागतो. अटल पेन्शनचा हप्ताही असाच खात्यातून जातो. २३६ रुपये कटले असतील तर ते बहुधा स्टेट बँकेच्या साध्या डेबिट कार्डाचे वार्षिक शुल्क असते: एप्रिल २०२४ पासून २०० रुपये, अधिक जीएसटी. ते कार्ड वर्षभर एकदाही वापरले नसले तरी कटते.

नोंदीत एनएसीएच किंवा एसीएच अशी अक्षरे असतील तर तो कर्जाचा, गाडीच्या हप्त्याचा किंवा एसआयपीचा मामला असतो. तिथे खात्यात पैसे नसले तर बँक वरून दंड लावते. कर्ज चालू असताना ही परवानगी रागाच्या भरात बंद करणे महागात पडते. यूपीआय लिहिले असेल तर ते यूपीआयचे ऑटोपे असते. ते जुलै २०२० मध्ये सुरू झाले आणि त्याची परवानगी ओटीपीने नव्हे, यूपीआय पिनने दिली जाते. फोनपे, गूगल पे, पेटीएम यांच्या ऑटोपे विभागात चालू परवानग्यांची यादी दिसते आणि तिथूनच त्या रद्द होतात. ज्यांनी फोनवर पैसे द्यायला यूपीआयनेच सुरुवात केली, त्यांनी कार्डाच्या आधी ही यादी तपासलेली बरी. आणि पैसे खात्यातून न जाता फोनच्या प्रीपेड बॅलन्समधून जात असतील तर प्रकार जुनाच, कॉलर ट्यूनसारख्या सेवांचा. त्यावर दूरसंचार नियामक ट्रायने २०१३ मध्येच ग्राहकाची दुसऱ्यांदा संमती घेण्याची सक्ती केली होती. १५५२२३ वर या सेवा बंद होतात.

कपात कार्डाचीच आहे असे ठरले की तारीख, रक्कम आणि संदर्भ क्रमांक कागदावर उतरवावा आणि तीच तारीख मागच्या दोन-तीन महिन्यांत शोधावी. रक्कम तीच आणि तारीख जवळपास तीच असेल तर ती वर्गणी. मग घरातले सगळे फोन पाहावेत. प्ले स्टोअरमध्ये आपल्या खात्याच्या चित्रावर दाबले की पेमेंट आणि सदस्यत्वांचा विभाग येतो, त्यात चालू वर्गण्या दिसतात. फोनमधून अ‍ॅप काढून टाकले म्हणजे वर्गणी थांबली, हा समज सर्वांत पक्का आणि सर्वांत चुकीचा. अ‍ॅप जाते, परवानगी राहते.

वर्गणी दोन्ही टोकांना तोडावी लागते. आधी कंपनीकडे रद्द करून त्याच्या पावतीचा फोटो ठेवावा. मग बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा नेट बँकिंगमध्ये ई-मँडेटच्या यादीतून ती परवानगी काढावी. बऱ्याच बँकांनी ही यादी 'एसआय हब' या संकेतस्थळावर ठेवली आहे. तिथे जायचे ते बँकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून. मेसेजमधून आलेल्या लिंकवरून नव्हे, कारण 'तुमची वर्गणी आज कटणार, रद्द करायला इथे दाबा' असा खोटा मेसेज पाठवून कार्डाची माहिती काढून घेणारे कमी नाहीत. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांनी पासबुक घेऊन शाखेत जावे आणि तोंडी न सांगता अर्ज द्यावा, पोच घ्यावी. मी-सेवा केंद्रावर किंवा बँक मित्राकडे अर्ज लिहून घ्यायला हरकत नाही. पण ओटीपी आणि पिन तिथेही सांगू नये.

कार्ड ब्लॉक करणे हा पहिला उपाय नाही. विसरलेल्या एका वर्गणीसाठी कार्ड बंद केले तर नवे कार्ड येईपर्यंत एटीएमही बंद, आणि कंपनीकडचे सदस्यत्व तसेच राहते. खरेदी घरातल्या कोणीच केलेली नसेल तर मात्र कार्ड ब्लॉक करायला एक तासही थांबू नये. अनोळखी नावाने कटलेले एक-दोन रुपये हे चोरीचे कार्ड चालते का, याची चाचणी असू शकते. परदेशी संकेतस्थळांवर काही व्यवहार ओटीपीशिवाय होत आले आहेत. त्यावरचा सोपा बंदोबस्त असा, की कार्डाचा ऑनलाइन आणि परदेशी वापर खातेदाराला हवा तेव्हा चालू-बंद करता येतो. ही सोय देणे मार्च २०२० पासून बँकांना बंधनकारक आहे. ज्यांना परदेशातून काही घ्यायचे नाही त्यांनी ते बटण कायमचे बंद ठेवावे.

अशा चोरीत नुकसान कोणाचे, हे रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने सांगितले, आणि ते ग्रामीण बँकांनाही लागू करण्यात आले. चूक खातेदाराची नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्याच कोणी माहिती चोरली, अशा वेळी बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर खातेदारावर काहीच बोजा येत नाही. चार ते सात दिवसांत कळवले तर जनधनसारख्या मूलभूत खात्याला व्यवहारामागे जास्तीत जास्त ५००० आणि साध्या बचत खात्याला १०,००० रुपयांपर्यंत झळ बसू शकते. त्यापुढे प्रत्येक बँकेचे धोरण. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम खात्यात दाखवायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा; दोष खातेदाराचा होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची. ओटीपी स्वतःच कोणाला सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान खातेदाराचे. बँकेच्या क्रमांकाबरोबर १९३० या सायबर हेल्पलाइनलाही लगेच फोन करावा. पैसे पुढे सरकण्याआधी अडवण्याची संधी पहिल्या काही तासांतच असते.

मुलाने घेतलेली वर्गणी 'चोरी' म्हणून नोंदवू नये. तपासात ती उघडी पडते आणि पुढची खरी तक्रार कमकुवत होते. तिथे भांडण कंपनीशी असते, आणि त्यासाठीही आधार आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला फसव्या मांडणीच्या १३ प्रकारांवर बंदी घातली. त्यांत वर्गणीचा सापळा स्पष्ट नमूद आहे: रद्द करणे अवघड करणे, रद्द करण्याची जागा लपवणे, फुकट सेवेसाठी आधीच पैसे कापण्याची परवानगी मागणे. म्हणजे 'पहिला महिना फुकट, आधी कार्ड टाका' ही अटच या व्याख्येत बसते. तरीही ती अजून जागोजागी दिसते. अशी तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करता येते.

बँकेने आगाऊ सूचना दिली नसेल, रद्द केलेली परवानगी चालूच ठेवली असेल किंवा तक्रारीचा निकाल लावला नसेल तर प्रश्न बँकेचा होतो. आधी बँकेकडे लेखी तक्रार करायची आणि तिचा क्रमांक जपायचा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. १२ नोव्हेंबर २०२१ ला ही व्यवस्था देशभरासाठी एक करण्यात आली, त्यामुळे बोथच्या खातेदाराला हैदराबादचे हेलपाटे घालावे लागत नाहीत. तक्रार सीएमएस संकेतस्थळावर किंवा टपालाने करता येते, फी नाही, वकील लागत नाही. चंडीगड इथल्या रिझर्व्ह बँकेच्या केंद्रात टपालाने आणि ईमेलने आलेल्या तक्रारी कोणत्याही भाषेत स्वीकारण्याची सोय आहे. अर्ज मराठीत लिहावा, सोबत पासबुकाच्या पानाची आणि बँकेच्या पोचेची प्रत जोडावी, आणि कोणता हप्ता कोणत्या तारखेला कटला, तो थांबवायला बँकेला कधी सांगितले, हे तारखांच्या क्रमाने मांडावे.