कुत्रं विकत घेऊ नका, घरी आणा



मागच्या आठवड्यात आपल्या भागातल्या एका ग्रुपवर जर्मन शेफर्डच्या पिल्लांचे फोटो आले. खाली लिहिलं होतं, "शेतावर राखणीला उत्तम, किंमत पंधरा हजार, दोनच शिल्लक." तासाभरात चाळीस मेसेज. कुणी विचारतंय कमी-जास्त होईल का, कुणी म्हणतंय माझ्यासाठी एक ठेवा. त्याच आठवड्यात आमच्या फाट्यावर कुणीतरी खताच्या गोणीत सहा पिल्लं घालून सोडून गेलं. तोही फोटो मी त्याच ग्रुपवर टाकला. एकाचाही मेसेज नाही. एक अंगठा आला तेवढाच.

म्हणून आज पिकाचं सोडून कुत्र्या-मांजराचं लिहितोय. कुणाला राग आला तर येऊ द्या. माझं म्हणणं सरळ आहे. शेतावर कुत्रं पाहिजे, मांजरही पाहिजे. पण पैसे देऊन पिल्लू आणायचं आणि दारातलं बेवारस हाकलायचं, हे शेतकऱ्याला शोभत नाही आणि हिशोबातही बसत नाही. शेल्टरमधून आणा, नाहीतर फाट्यावरचं उचला. आणि एकदा आणलं की त्याचे मालक व्हा, नावानिशी.

आधी पंधरा हजारांचं बघू. जर्मन शेफर्ड थंड मुलखातलं, दुहेरी केसांचं जनावर. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून अंग थंड करतं. त्याला एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडला बांधायचं म्हणजे काय होतं ते ज्यांनी बांधलंय त्यांना विचारा. या जातीत मागच्या खुब्याचा सांधा सैल असण्याचं दुखणंही पिढीजात चालत येतं. पिल्लू विकणारा ते सांगत नाही. २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पैदास करून विकणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. ग्रुपवर फोटो टाकणाऱ्याला नोंदणीचा कागद मागून बघा. बियाणं घेताना आपण पक्की पावती आणि लॉट नंबर मागतो, मग इथं का नाही मागत?

आता फाट्यावरच्या गोणीचं. ती पिल्लं आभाळातून पडली नाहीत. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे दीड कोटी भटकी कुत्री मोजली गेली. कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते, दोन महिन्यांत विते, एका वेताला चार-सहा पिल्लं. ती कुत्री कुणाच्या तरी वस्तीवरच भाकरी खाते. त्यातली नर पिल्लं लोक नेतात आणि माद्या गोणीत जातात. शहरातले लोकही काही कमी नाहीत. बदली झाली, घर बदललं, कुत्रं म्हातारं झालं, की गाडीत घालून घाटात किंवा ढाब्याजवळ सोडायचं आणि मनाला सांगायचं की गावाकडं मोकळं राहील. मोकळं कसलं राहतंय? गाडीखाली जातं, नाहीतर बिबट्याच्या पोटात.

जनावर असं सोडून देणं, जेणेकरून ते भुकेनं-तहानेनं हाल सोसेल, हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. कित्येक दशकांत तो आकडा बदललेला नाही. म्हणजे कायदा आहे, पण धाक नाही. तो धाक गावानेच ठेवायला पाहिजे.

शेल्टरमध्ये आधीच जागा नाही आणि आता गर्दी वाढणार आहे. २२ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की भटक्या कुत्र्यांची नसबंदी करा, रेबीजची लस द्या आणि उचललं तिथंच परत सोडा. पिसाळलेलं किंवा अंगावर येणारं असेल तर सोडू नका. त्याच आदेशात आणखी एक गोष्ट होती, तिची चर्चा कमी झाली. ज्याला कुत्रं दत्तक घ्यायचंय त्याने पालिकेकडे अर्ज करावा, खूण लावून कुत्रं मिळेल, आणि ते परत रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ ला कोर्टाने शाळा, दवाखाने, बस आणि रेल्वे स्थानकं इथली कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवायला सांगितलं, तिथं परत सोडायची नाहीत. ही कुत्री जन्मभर पिंजऱ्यात राहणार आणि आपण इकडे पंधरा हजार मोजणार, हा कुठला न्याय?

आता लोकांच्या शंका. चावडीवर ऐकलेल्या सगळ्या घेतो.

"शेल्टरचं कुत्रं राखण करत नाही." कुत्रं जागेची राखण करतं, पावतीची नाही. जिथं खायला मिळतं, जिथं त्याची माणसं झोपतात, ती त्याची जागा. पिल्लू आणलं तर ते मोठेपणी कसं निघेल ते कुणालाच सांगता येत नाही. शेल्टरमधलं दोन वर्षांचं कुत्रं समोर दिसतं. शेळीकडे कसं बघतं, लेकरांजवळ कसं वागतं, अनोळखी माणसावर भुंकतं की शेपूट घालतं, सगळं तिथंच तपासून घ्या. बैल घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो, तसंच.

"नसबंदी केलेलं कुत्रं मऊ पडतं." मंडळी, आपण खच्ची केलेल्या बैलावर पिढ्यानपिढ्या शेती केली. तो औत ओढायचा थांबला का? नसबंदीने कुत्र्याचं माद्यांमागे चार-चार दिवस गावभर हिंडणं कमी होतं, दुसऱ्या कुत्र्यांशी मारामारी कमी होते. भुंकायचं ते भुंकतंच. राखणदार हिंडायला गेला तर राखण कोण करणार?

"मादी नको, दारात कुत्र्यांची जत्रा भरते." जत्रा माजावर आलेल्या मादीमागे भरते. नसबंदी झालेली मादी माजावर येतच नाही. माझ्या वस्तीवर चार वर्षं अशीच एक मादी आहे, राणी. तिच्या डाव्या कानाचा शेंडा कापलेला आहे. येणारा-जाणारा विचारतो, कान कुणी तोडला? ती नसबंदीची खूण आहे. असा कान दिसला की समजायचं, हिची पुढची पिल्लावळ थांबली आणि निदान एकदा तरी रेबीजची लस टोचली गेलीय.

"बिबट्या नेईल." ही शंका खरी आहे, तिला खोटं ठरवणार नाही. अकोले भागात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला होता, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशोबाने ८७ टक्के पाळीव जनावरं आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. आता याचा अर्थ नीट लावा. वस्तीभोवती जितकी मोकाट कुत्री, तितकी बिबट्याची खानावळ भरलेली. उसातून तो कुत्र्यासाठी येतो आणि मग शेळी, वासरू, लेकरू त्याच्या वाटेत येतं. म्हणून मोकाट कुत्री कमी करायची आणि आपलं कुत्रं दिवस मावळला की जाळीच्या पिंजऱ्यात घालायचं. चारी बाजूंनी आणि वरूनही जाळी, आत फळी, दाराला कडी. कुत्रं आतून भुंकतं, आपण जागे होतो. राखणीचं काम तेवढंच. साखळीला बांधून ओट्यावर ठेवणं म्हणजे बिबट्याला ताट वाढून ठेवणं.

आणि रानडुकरांना एकटं कुत्रं हटवील ही अपेक्षा सोडा. डुक्कर सुळ्याने पोट फाडतं. कुत्रं ही घंटा आहे, हत्यार नाही.

मांजराचं थोडक्यात, पण महत्त्वाचं. "दूध घातलं की मांजर उंदीर धरत नाही," हा समज काढून टाका. मांजर पोट भरलेलं असलं तरी शिकार करतं, तो त्याचा स्वभाव. उपाशी ठेवलेलं मांजर दुसरीकडे निघून जातं. धान्याची खोली, पेंडीची पोती, कोंबडी खाद्य, गुंडाळून ठेवलेल्या ठिबकच्या नळ्या, इथल्या उंदरांसाठी नसबंदी केलेली दोन मांजरं पुष्कळ. आणल्यावर दोन-तीन आठवडे एका खोलीत कोंडून खायला घाला, मग सोडा. पहिल्याच दिवशी सोडलं तर ती परत दिसणार नाहीत. शेतातली घूस मात्र मांजराच्या आवाक्यातली नाही, तिथं बिळांचाच बंदोबस्त लागतो. आणि विषाचं आमिष टाकाल तेव्हा मांजर-कुत्रं कोंडून ठेवा, मेलेले उंदीर गोळा करून पुरा. ब्रोमॅडिओलोन खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तर मांजराचंही रक्त गोठेनासं होतं.

आता शेल्टरवाल्यांना दोन शब्द. हे पेज तुमच्यातले काही वाचतात म्हणून लिहितो. चार वर्षांपूर्वी एका शहरातल्या शेल्टरमध्ये मी गेलो तेव्हा तोंडावर सांगितलं गेलं, "शेतकऱ्यांना देत नाही, तुम्ही साखळीला बांधता." दुसऱ्या ठिकाणी मात्र आधार कार्ड घेतलं, वस्तीचे फोटो मागितले, महिन्याने फोन करून चौकशी केली आणि राणी दिली. चौकशीचं मला काही वाटलं नाही, मुलगी देतानाही स्थळ बघतातच. पण सरसकट नाही म्हणणं चूक आहे. दोन खोल्यांच्या फ्लॅटपेक्षा दोन एकर रान कुत्र्याला वाईट कसं? अट घाला, तपासायला या, नाही पाळली तर परत न्या. दार मात्र बंद करू नका.

आणि साखळीबद्दल त्यांचं म्हणणं निम्मं खरं आहे, तेही आपण कबूल करायला पाहिजे. आपल्याकडे तीन फुटी साखळीला जन्म काढणारी कुत्री कमी नाहीत. फार आखूड साखळीला तासन्तास बांधणं आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं, दोन्ही त्याच १९६० च्या कायद्यात गुन्हे आहेत. दिवसा बांधायचंच असेल तर दोन झाडांना आडवी तार ताणा, तारेत कडी आणि कडीत साखळी अडकवा. कुत्रं पन्नास फूट फिरतं.

मालक व्हायचं म्हणजे काय, ते लिहून ठेवा:

१. रेबीजची लस दरवर्षी. पिल्लाला तीन महिन्यांचं झालं की पहिली, मग डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर. तारीख गोठ्याच्या भिंतीवर लिहा, गाय भरवल्याची लिहिता तशी.

२. नसबंदी झालेली नसेल तर करून घ्या.

३. जंताचं औषध तीन महिन्यांनी. कापलेल्या बकऱ्याची कच्ची आतडी, फुप्फुस घालू नका. त्यातून पट्टकृमी कुत्र्यात येतो आणि त्याच्या अंड्यांपासून माणसाच्या यकृतात पाण्याच्या गाठी होतात.

४. गाय व्याली की जार कुत्र्यापुढे टाकू नका, खोल पुरा. कुत्र्या-मांजरांना चाऱ्यात, मुरघासात घाण करू देऊ नका. कुत्र्याच्या विष्ठेतून निओस्पोरा आणि मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा पसरतो. पहिल्याने गायी गाभडतात, दुसऱ्याने शेळ्या-मेंढ्या.

५. गळ्यात पट्टा आणि त्यावर तुमचा फोन नंबर. कुत्रं कुणाला चावलं तर "आमचं नाही, गावाचं आहे" म्हणायची सोय राहणार नाही.

पाचवा मुद्दाच सगळ्याचं मूळ आहे. "गावाचं कुत्रं" म्हणजे खायला सगळ्यांचं आणि लस टोचायला कुणाचंच नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. चावलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. सगळे डोस पूर्ण करा. हळद, चुना, मिरची भरू नका. आणि गाय लाळ गाळतेय, सारखी हंबरतेय, गिळत नाही, म्हणून घशात काही अडकलंय का बघायला हात घालू नका. ती पिसाळलेली असू शकते. आधी डॉक्टर बोलवा.

पशुवैद्यक आणि कृषी सहायक मित्रांनो, तुम्ही गोठ्यावर येता तेव्हा गाईची लस विचारता, तशी कुत्र्याचीही विचारा. तुमच्या एका प्रश्नाने जे होईल ते माझ्या दहा पोस्टने होणार नाही.

२०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी आणि लसीकरणाचं काम नगरपालिकांबरोबर ग्रामपंचायतीचंही आहे. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा, इतिवृत्तात लिहून घ्या. मीही मांडणार आहे. सरपंच हसतील, हसू द्या.

फाट्यावरच्या सहा पिल्लांपैकी दोन मेली. चार आमच्या शेडमध्ये आहेत, तीन माद्या, एक नर. जंताचं औषध दिलंय, वय झालं की लस टोचून, नसबंदीची तारीख ठरवूनच देईन. पैसे नकोत. ज्याला पाहिजे त्याने पिंजऱ्याचा फोटो पाठवावा. नर कुणालाही लगेच जाईल, म्हणून आधी माद्या देणार.