दारूच्या साखळीत सरकारची नेमकी भूमिका कोणती?

मद्यव्यवसायाच्या तीन पायऱ्या असतात: उत्पादक, घाऊक विक्रेता आणि परवानाधारक किरकोळ दुकानदार. यांपैकी सर्वांत कमी दिसणारी, पण सर्वांत बलवान पायरी मधली. पश्चिम बंगाल सरकारने २०१७ मध्ये ती खासगी व्यापाऱ्यांकडून काढून घेतली आणि राज्याच्या बेव्हरेजेस कॉर्पोरेशनकडे सोपविली. सियालदहच्या परवानाधारक दुकानदाराला तेव्हापासून आपली मागणी ‘ई-आबगारी’ या सरकारी प्रणालीवर नोंदवून महामंडळाकडूनच माल घ्यावा लागतो.

हा प्रयोग नवा नव्हता. तमिळनाडूने १९८३ मध्ये घाऊक आणि २००३ मध्ये किरकोळ विक्रीही सरकारी महामंडळाकडे घेतली. दिल्लीने नोव्हेंबर २०२१ मध्ये किरकोळ विक्री पूर्णपणे खासगी हाती दिली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ती पुन्हा चार सरकारी महामंडळांकडे आणली. महाराष्ट्रात मात्र घाऊक परवाना आणि वाइन शॉप या दोन्ही पायऱ्यांवर खासगी व्यापारीच आहेत. घटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीची ८ वी नोंद हा विषय राज्यांकडे देते, त्यामुळे हे वैविध्य स्वाभाविकच. वस्तू व सेवा करातूनही पेय मद्य वगळलेले असल्याने प्रत्येक राज्याचा हिशेब स्वतंत्र राहतो.

प्रश्न आहे तो या हिशेबाबाहेरच्या साखळीचा. सियालदहहून दक्षिणेकडे जाणाऱ्या डायमंड हार्बर मार्गावर संग्रामपूर हे छोटे स्थानक आहे. डिसेंबर २०११ मध्ये या परिसरात विषारी दारूने सुमारे १७० जणांचा बळी घेतला. मृतांत रिक्षावाले, फेरीवाले आणि मजूर यांचाच भरणा होता. बंगालीत ज्याला ‘चोलाई’ म्हणतात, त्या हातभट्टीच्या दारूत मिथेनॉल मिसळले गेले होते. मराठी माणसाला हे दृश्य अपरिचित नाही. विक्रोळीत २००४ मध्ये आणि मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये हेच घडले. मालवणीत शंभराहून अधिक माणसे दगावली. दोन्ही महानगरांत मरणारा वर्ग एकच होता: करासह येणारी बाटली ज्याच्या रोजंदारीत बसत नाही, असा.

सियालदहहून उत्तरेकडे निघणारी गंगासागर एक्सप्रेस बिहारमधील जयनगरला जाते. बिहारमध्ये एप्रिल २०१६ पासून संपूर्ण दारूबंदी आहे. बंगालमध्ये रीतसर कर भरून विकली गेलेली बाटली राज्याची सीमा ओलांडताच गुन्ह्याचा मुद्देमाल ठरते. ती नेणारा बहुधा गरीब असतो आणि पकडलाही तोच जातो. पहिल्यांदा दारू पिताना सापडलेल्यास दंडावर सोडण्याची तरतूद बिहारला २०२२ मध्ये करावी लागली, यातच कायद्याच्या मर्यादेची कबुली आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय घटनापीठाने २३ ऑक्टोबर २०२४ रोजी आठ विरुद्ध एक अशा बहुमताने औद्योगिक अल्कोहोलवरही राज्यांना कायदे करता येतील, असा निर्णय दिला. १९९० चा सात न्यायमूर्तींचा निकाल त्यामुळे रद्दबातल झाला. औद्योगिक अल्कोहोल आमच्या कक्षेत येत नाही, ही राज्यांची जुनी सबब आता उरली नाही. मिथेनॉलबाबत तर १९१९ च्या विषविषयक कायद्यानेच विक्री आणि साठ्याचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिलेला आहे. तरीही मे २०२५ मध्ये पंजाबातील मजिठा येथे मिथेनॉलने पुन्हा बळी घेतले.

घाऊक व्यापारी झालेल्या सरकारने बाटलीबंद दारूचा हिशेब चोख ठेवला. कारखान्यातून निघणाऱ्या मिथेनॉलच्या प्रत्येक पिंपाचा हिशेबही त्याच काटेकोरपणे अखेरच्या वापरापर्यंत ठेवता येईल. त्यासाठी नव्या महामंडळाची गरज नाही. शेजारी राज्यांना एकमेकांच्या नोंदी पाहता आल्या पाहिजेत, एवढेच. मादक पेयांना आळा घालण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे घटनेचे ४७ वे कलम सांगते. महसुलासाठी त्याकडे काणाडोळा होतो, हे एक वेळ समजण्यासारखे आहे. पण ज्या दारूतून महसूलही मिळत नाही आणि जीव मात्र जातात, तिच्याकडे होणाऱ्या दुर्लक्षाला कोणतेही आर्थिक कारण देता येणार नाही. अबकारी खात्याचे यश केवळ तिजोरीतील भरतीने मोजले जाईल, तोवर संग्रामपूर आणि मालवणी ही त्या मोजमापाबाहेरचीच गावे राहतील.