शांतता बुक करताना

‘डोंगराच्या कुशीत निवांत दोन दिवस’ असं ब्रोशरवर छापायला काय जातं! शनिवारी रात्री त्याच कुशीत डीजे लागतो आणि शेजारच्या रूममधली गँग पहाटे तीनपर्यंत अंताक्षरी खेळते. तेव्हा बॉस, रूमचे फोटो नंतर बघा. आधी फोन करून विचारा, म्युझिक किती वाजता बंद होतं? आपल्या तारखांना कुणा कंपनीचा ग्रुप येतोय का? समोरचा अडखळला, की समजायचं काय ते.

त्यापेक्षा जिथे आपली गाडीच जात नाही, असं ठिकाण गाठा. अर्थात माथेरान! दस्तुरी नाक्याला गाडी ठेवायची. पुढे घोडा, शटल ट्रेन किंवा आपले दोन पाय. हल्ली थोड्या ई-रिक्षाही आहेत, पण लाल मातीतून बाजारापर्यंत दोन-अडीच किलोमीटर चाललात, की डोक्यातलं ऑफिस निम्मं तिथेच गळून पडतं. चाकांची बॅग मात्र नको, सॅकच बरी. नेरळहून १९०७पासूनच्या मिनी ट्रेननेच जायचा हट्ट असेल, तर पावसाळा टाळा. तेव्हा नेरळ ते अमन लॉज टप्पा बंद असतो.

हॉटेल बाजारापासून लांबचं घ्या आणि जा मंगळवार-बुधवारी. वीकेण्डला अख्खी मुंबई तिथेच असते. त्यासाठी साहेबांकडे सरळ रजा मागा, हो! ‘सिक लीव्ह’ टाकून आलेला माणूस पॅनोरमा पॉइंटवरसुद्धा मोबाइलकडेच बघत बसतो.