मायेची ऊब पुरे, आता तास मोजा

दोन वर्षांपूर्वी मी गोधडीवर एक पोस्ट टाकली होती. खिडकीत पाऊस, चहाचा कप, मांडीवर मावशीनं शिवलेली गोधडी. खाली लिहिलं होतं, 'ही नुसती गोधडी नाही, ही मायेची ऊब आहे.' लाईक भरपूर आले. 'आजीची आठवण आली', 'डोळे पाणावले' अशा कमेंट आल्या. आणि ऑफिसातल्या पाच जणांनी विचारलं, 'आम्हाला मिळेल का?'

मिळेल म्हणालो. मावशीला फोन केला. ती आठशे रुपये घेते हे मला माहीत होतं. मी म्हटलं, 'मावशी, एकदम पाच आहेत, सातशेला दे.' ती म्हणाली, 'बरं.' मला वाटलं, मी तिला धंदा मिळवून दिला. टीममध्ये मिरवलोसुद्धा.

हा लेख त्या 'बरं'बद्दल आहे. आणि त्या पोस्टबद्दल, कारण माझ्या मते त्या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत.

मी सॉफ्टवेअरवाला आहे. एखादं बटण पडद्यावर डावीकडून उजवीकडे न्यायचं असेल तरी आमच्याकडे आधी विचारतात, 'किती तास लागतील?' तास लिहिले जातात, ते कुणीतरी मंजूर करतं, ग्राहकाला बिल जातं. हा प्रश्न मी दिवसातून दहा वेळा ऐकतो. मावशीला मात्र मी तो एकदाही विचारला नव्हता. मायेला कुठे तास असतात?

तास कळले ते मी स्वतः शिवायला बसलो तेव्हा. गेल्या दिवाळीत तासगाव तालुक्यातल्या तिच्या घरी दहा दिवस होतो. तिकडे गोधडीला वाकळ म्हणतात. मी म्हटलं, मला शिकव. ती हसली. 'अरं, तुला शर्टाचं बटन लावता येत न्हाय.' तेही खरंच होतं.

पहिला दिवस सुईला हात लावण्यातच गेला नाही. जुनी सुती लुगडी धुऊन, वाळवून, त्यांचे काठ फाडून काढले. काठ जाड असतो आणि लुगड्याचं अंग वापरून पातळ झालेलं असतं. दोन्ही एकत्र ठेवलं तर पहिल्या धुण्यात काठ आखडतो आणि मधे झोळ येतो. काढलेले काठ पुढे कडेला लावायला कामी येतात. नायलॉनच्या साड्या तिनं बाजूला टाकल्या, त्या आत सरकतात. मग थरांचा क्रम ठरवला: खाली सगळ्यात टणक लुगडं, मधे विरलेली, मऊ पडलेली, वर ठिगळांचा थर. फरशीवर सगळं पसरलं. चारी कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता, इस्त्री आणि पाण्यानं भरलेला तांब्या. तळहातानं मधून कडेकडे हवा काढत गेलो.

मग कच्चे टाके. वीतभर लांब, ढिले, वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचे. मधून सुरुवात करून चारी बाजूंना. पक्की शिवण झाली की हे सगळे ओढून काढायचे असतात. माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. म्हटलं, शेवटी काढूनच टाकायचे आहेत तर घालायचे कशाला? मावशीनं वाद घातला नाही. 'नको घालू,' म्हणाली.

कडेनं दोन फेरे शिवले. तीन तास लागले. वरून सुरेख दिसत होतं. तिनं कोपरा धरून उलटं करून दाखवलं. खालच्या लुगड्याची चांगली बोटभर चुणी पडली होती आणि मी ती घट्ट शिवून टाकली होती. सुई वरून दिसते, थर खालून सरकतो. प्रत्येक टाक्याला केसाएवढा. शंभर टाक्यांनी त्याची घडी होते.

'उसव,' ती म्हणाली.

उसवायला आणखी दीड तास गेला. त्यानंतर मी गुमान कच्चे टाके घातले.

पक्की शिवण कडेपासून आत येते, चौकोनात चौकोन. ओढाताण कडेवर सगळ्यात जास्त, म्हणून कडा आधी बांधायची. आतलं ढिलेपण तोवर कच्चे टाके धरून ठेवतात. दोरा हातभरच घ्यायचा, लांब घेतला की गुंता. गाठ थरांच्या आत लपवायची. डावा हात कापडाखाली. सुई सगळ्या थरांतून खाली आली हे डाव्या बोटाला टोचल्यावरच कळतं. मावशी सुईवर चार टाके भरते आणि मग एकदम ओढते. माझे दोन भरले तरी तिसरा वाकडा. दुसऱ्या दिवशी माझ्या डाव्या तर्जनीला कीबोर्डची बटणं लागत नव्हती. तिच्या त्या बोटाचं कातडं आता चामड्यासारखं आहे.

हे मी हौशीनं सांगत नाही. हे ज्ञान आहे, आणि ते कुणी एकटीनं काल शोधलेलं नाही. बंगालात कांथा, बिहारात सुजनी, सिंधकडे रल्ली. गोव्याला लागून असलेल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या बायका कवंदी शिवतात. त्याही कडेकडून मधल्याकडे येतात आणि कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या कापडाची फुलं लावतात. विरलेलं कापड एकेकटं टिकत नाही, पण थरावर थर देऊन बोटाबोटावर शिवलं की एक जागा फाटली तरी फाट पुढच्या ओळीला अडते. थरांमधे हवा कोंडते आणि ती ऊब धरते. ज्या उबेवर आपण कविता करतो ती या कोंडलेल्या हवेची आणि बोटभर अंतराची आहे. हे अंतर कुणीतरी ठरवलेलं आहे.

आता हिशेब. सात फूट बाय पाच फूट गोधडी म्हणजे ८४ इंच गुणिले ६० इंच. ओळींमधलं अंतर एक इंच धरा. मग चौकोनात शिवा नाहीतर उभं शिवा, शिवणीची एकूण लांबी येते ५०४० इंच. म्हणजे ४२० फूट. इंचाला चार टाके धरले तर वीस हजारांहून जास्त टाके.

मी फोनवर वेळ लावून बघितलं. माझा वेग तासाला दहा फूट, म्हणजे ४२ तास. मावशीचा वेग तासाला पंचवीस फूट, म्हणजे जवळपास १७ तास. फाडणं, मापणं, कच्चे टाके, कडा याचे चार तास धरा. एकूण २१.

सातशे भागिले एकवीस. तासाला तेहेतीस रुपये. आठ तासांच्या दिवसाला २६७. दोरा तिच्याच पदरचा.

२०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. ती योजना कायद्यानंच 'अकुशल' कामासाठी होती. चाळीस वर्षांचा हात असलेल्या बाईला मी त्याहून कमी दिले होते, आणि वर 'एकदम पाच आहेत' म्हणून सूट मागितली होती.

माझा आरोप हा आहे: 'मायेची ऊब' हे शब्द आपण भावनेनं वापरत नाही, सोयीनं वापरतो. एखाद्या कामाला माया म्हटलं की त्याचे तास विचारणं असभ्य ठरतं. मग कौतुक पुरतं. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' असं सांगणाऱ्या भाषेत अंथरूण शिवणारीच्या हिशेबाची म्हण मला तरी सापडली नाही.

गंमत म्हणजे हिशेबवाल्यांनी हे कधीच मान्य केलंय. देशाचं उत्पन्न मोजायची जी आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, तिच्यात घरचा स्वयंपाक आणि मुलं सांभाळणं 'उत्पादन' धरत नाहीत. ते का नाही, हा वेगळा भांडणाचा विषय. पण घरच्या वापरासाठी केलेली वस्तू त्या पद्धतीत तत्त्वतः उत्पादनच असते. म्हणजे जगभरच्या रुक्ष अर्थतज्ज्ञांच्या लेखी गोधडी हे उत्पादन आहे. माया ती फक्त आपल्या पोस्टमध्ये आहे.

हे बोललं की तीन उत्तरं येतात.

पहिलं: 'प्रेमानं केलेल्या गोष्टीची किंमत करू नये.' ठीक. मावशीनं माझ्या भाचीसाठी दुपटं शिवलं, त्याचे पैसे तिनं मागितले नाहीत, मागणारही नाही. पण माझ्या टीममधल्या पाच जणांना तिनं कधी पाहिलेलंही नाही. त्यांच्यावर तिची कसली माया? आणि प्रेम असलं तरी टाके वीस हजारच असतात. प्रेमानं एक टाका कमी होत नाही.

दुसरं: 'मशीनवर स्वस्त मिळते.' मग मशीनची घ्या. तो सरळ व्यवहार आहे, त्यात लाज नाही. पण हातची हवी, फोटोत टाके वाकडे दिसायला हवेत आणि भाव मशीनचा, हे चालणार नाही.

तिसरं उत्तर सगळ्यात शहाजोग: 'महाग केली तर कला मरेल.' कला मरतेय ती स्वस्त आहे म्हणून. मावशीच्या सुनेनं शिकायला नकार दिला. घरात तिला आळशी म्हणतात. मी हिशेब केल्यावर मला कळलं, त्या घरात गणित फक्त तिला येतं.

याच शहरात शनिवारी सकाळी दोन तासांच्या शिवणाच्या कार्यशाळा भरतात. माझी एक सहकारी पंधराशे रुपये भरून गेली. मन शांत झालं म्हणाली. झालं असेल, मी नाकारत नाही. पण बघा, दोन तास टाके घालण्यासाठी आपण पंधराशे देतो, आणि एकवीस तास टाके घालणाऱ्या बाईला सातशे. आपलं शिवणं हा अनुभव, तिचं शिवणं ही सवय.

कौतुकाचं पुढे काय होतं हे बघायचं असेल तर अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची वस्ती आहे, तिकडे बघा. गुलामांच्या वंशजांची वस्ती. तिथल्या काळ्या बायका जुन्या कामाच्या कपड्यांतून हातानं गोधड्या शिवत. १९६६ मध्ये, नागरी हक्कांच्या लढ्याच्या काळात, त्या भागातल्या बायकांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था काढली. उद्देश सरळ होता: शिवण विकून उत्पन्न. २००२ मध्ये गीज बेंडच्या गोधड्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयांच्या भिंतींवर लागल्या. समीक्षक भारावले. २००६ मध्ये टपाल तिकिटं निघाली. आणि २००७ मध्ये शिवणाऱ्या काही बायका पैसे आणि हक्कांवरून कोर्टात गेल्या. ते दावे पुढे मिटले. पण मुद्दा उरतोच: संग्रहालयाची भिंतसुद्धा मजुरीच्या जागी चालत नाही. तिथे माझी पोस्ट काय?

मग करायचं काय? फार नाही. गोधडी सांगताना 'केवढ्याला?' याच्या आधी 'किती तास लागतात?' विचारा. दोऱ्याचे पैसे वेगळे द्या. अर्धे आधी द्या. घासाघीस करू नका. फोटो टाकलात तर शिवणारीला विचारून तिचं नाव टाका. आणि एकदा तरी, विशेषतः मुलांनो, हातभर चौकोन स्वतः शिवा. कच्च्या टाक्यांसकट. मन शांत व्हावं म्हणून नव्हे. पुढच्या वेळी सूट मागताना जीभ अडखळावी म्हणून.

मी काय केलं तेही सांगतो, कारण ते फार गौरवाचं नाही. पुण्याला परत आल्यावर त्या पाच जणांनी आणखी एकेक मागितली. मी तासाला पंचाहत्तरचा हिशेब लावून सोळाशे सांगितले. दोघांनी नको म्हटलं. एकानं विचारलं, 'एवढी कशी वाढली?' मी २१ तासांचं गणित पाठवलं. त्यानं अंगठा पाठवला आणि विषय संपला.

मावशी चिडली. 'दोन गिऱ्हाइकं घालिवलीस,' म्हणाली. बरोबर होतं तिचं. तत्त्व माझं होतं आणि नुकसान तिचं. पोस्ट टाकताना मी तिला विचारलं नव्हतं, सूट मागताना विचारलं नव्हतं, आणि आता भाव वाढवतानाही विचारलं नव्हतं. कनवाळूपणातसुद्धा मी तिच्या वतीनं बोलत होतो.

मी आकडे मांडले. पाच सातशेला म्हणजे साडेतीन हजार, १०५ तास. तीन सोळाशेला म्हणजे अठ्ठेचाळीसशे, ६३ तास. फोनवर ती बराच वेळ गप्प होती. बोटांवर मोजत असावी. मग म्हणाली, 'म्हंजे बेचाळीस तास सुटलं.'

'हो.'

'मग दोन वाकळा माझ्या हुत्याल.'

तेव्हा मला आठवलं, दिवाळीत ती दुकानातली चादर पांघरून झोपत होती. तिच्या घरात तिची स्वतःची एकही धड वाकळ नव्हती. दहा दिवस मी तिथे राहिलो, तिनं शिवलेल्या वाकळेत झोपलो, आणि हे मला दिसलं नव्हतं.

फोन ठेवायच्या आधी ती म्हणाली, 'आनि ऐक. पुढल्या बारीला भाव मी सांगनार. तू मधी बोलू नको.'

मी म्हटलं, 'बरं.'