ट्रिगर कुणाचा, बोट कुणाचं?

ट्रिगरमध्ये फेरफार करून फटाफट गोळ्या मारणं म्हणजे फसवणूक, असं पेंटबॉलवाले छातीठोकपणे सांगतात तेव्हा त्यांना एकच विचारावं: पकडणार कशी?

अमेरिकेतल्या स्पर्धांमध्ये हा वाद जुना आहे. नियम साधा होता: ट्रिगर एकदा दाबला की गोळी एकच. याला सेमी-ऑटो म्हणतात. मग नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात इलेक्ट्रॉनिक मार्कर आले (खेळाडू बंदूक म्हणत नाहीत, मार्कर म्हणतात) आणि ट्रिगर म्हणजे माउसच्या बटणासारखा स्विच झाला. गोळी सोडायची की नाही, हे आतला सर्किट बोर्ड ठरवू लागला.

गंमत इथेच सुरू होते. गोळी सुटताना मार्कर थरथरतो. ट्रिगर पुरेसा हलका केलेला असेल, तर त्या थरथरीनेच स्विच पुन्हा दाबला जातो. बोट हललं एकदा, गोळ्या गेल्या दोन-तीन. याला बाउन्स म्हणतात. बोर्ड हे खोटे दाब गाळू शकतो, पण किती गाळायचे ते सेटिंग खेळाडूच्याच हातात. त्यावर कडी म्हणजे लपवलेले मोड असलेले बोर्ड: रेफरीसमोर साधुसंत, मैदानात मशीनगन. आणि त्याच मैदानात तबल्यावर चालवावीत तशी दोन बोटं आलटूनपालटून ट्रिगरवर नाचवणारे खरे कसबी खेळाडूही होते. कडेला उभ्या रेफरीने नुसतं ऐकून यातला फरक ओळखायचा! ज्याने सेटिंग प्रामाणिक ठेवलं, तो हरला. बस्स.

म्हणून पीएसपी या लीगने जे केलं ते मला पटतं. त्यांनी रॅम्पिंग, म्हणजे बोर्डाने स्वतः गोळ्यांची भर घालणं, सरळ कायदेशीर केलं आणि सेकंदाला 15 गोळ्यांची मर्यादा घातली. वेग मोजता येतो, खेळाडूची नियत मोजता येत नाही. एनपीपीएल ही दुसरी लीग काही वर्षं सेमी-ऑटोला धरून बसली. तत्त्व छान, तपासणी अशक्य.

गेमर मंडळींना हे ओळखीचं वाटेल. ऑगस्ट 2024 मध्ये वाल्व्हने काउंटर-स्ट्राइक 2 मध्ये एका दाबात अनेक हालचाली करून देणाऱ्या कीबोर्डच्या सोयींवर बंदी घातली. पण तिथे प्रत्येक हालचाल सर्व्हरपर्यंत पोहोचते. रेफरीकडे सर्व्हर नाही, दोन कान आहेत.

माझं भांडण आहे ते 15 या आकड्याशी. हिशोब करा: 200 गोळ्यांचा हॉपर सुमारे सव्वातेरा सेकंदांत रिकामा. 2000 गोळ्यांची पेटी सव्वादोन मिनिटांत. म्हणजे नियम सगळ्यांना सारखा झाला, पण तो पाळायची ऐपत सारखी राहिली नाही. सरावाला पेट्यांमागून पेट्या फोडणारा प्रायोजित संघ एकीकडे आणि वर्गणी काढून पेंट आणणारी कॉलेजची पोरं दुसरीकडे. पुढे ही मर्यादा टप्प्याटप्प्याने 10 च्या आसपास आली. ती आधीच यायला हवी होती.

‘मग सगळेच मेकॅनिकल मार्कर वापरा, भानगडच नको,’ असं म्हणणारेही आहेत. टिपमनचा रिस्पॉन्स ट्रिगर त्यांनी पाहिलेला नसावा. त्यात बॅटरी नाही, बोर्ड नाही. गोळी सुटल्यावर उरलेला वायूच ट्रिगर पुढे ढकलतो आणि बोट जागच्या जागी ठेवलं तरी मारा चालू राहतो. फेरफाराला वीज लागतेच असं नाही. फरक इतकाच, की हा सांगाडा उघडून डोळ्यांनी दिसतो, बोर्डातला कोड दिसत नाही. त्यामुळे नवशिक्यांच्या गटात मेकॅनिकलची सक्ती मला मान्य आहे: खर्च कमी आणि तपासणी शक्य. वरच्या गटांत रॅम्पिंग राहू द्या, पण 10 च्या वर एक गोळी नको.

‘वेग हाच तर खेळाचा थरार’ म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी नोंद. 1981 साली न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकरच्या जंगलात 12 जणांनी पहिला सामना खेळला. हातात झाडांवर आणि गुरांवर खुणा करायची नेल-स्पॉट पिस्तुलं, प्रत्येक गोळीसाठी हाताने खटका ओढायचा. जिंकला पेशाने फॉरेस्टर असलेला रिची व्हाइट. त्याने एकही गोळी झाडली नव्हती.